मॉनिटर गेलेला नाही

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम इथल्या ज्या मराठी घरात कॉलेजला जाणारं मूल आहे, त्या घराची एक तरी फेरी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारात झालेली असते. मेट्रोतून उतरावं, तर केबली, सुटे भाग आणि कचेऱ्यांनी बदलून टाकलेले जुने मॉनिटर. असा एखादा स्वस्तात घरी येतो, नव्या कॉम्प्युटरला जोडला जातो. सुरुवातीला कंपनीचं चिन्ह नीट दिसतं आणि विंडोज सुरू होता होता पडदा काळा! मधोमध एक चौकट हिंडत असते: 'आउट ऑफ रेंज' नाहीतर 'इनपुट नॉट सपोर्टेड'. मग घरात एकच सूर, मॉनिटर गेला.

गेलेला मॉनिटर अक्षरं दाखवत नाही. चौकट दिसते आहे, म्हणजे पडदा, दिवा आणि आतला बोर्ड जिवंत आहेत. भराभर शुद्धलेखन सांगणाऱ्या बाईंना एखादा विद्यार्थी 'बाई, हळू' म्हणतो, तेवढीच या मॉनिटरची तक्रार आहे.

आता भराभर म्हणजे किती, ते बघा. 1920 गुणिले 1080 या रिझोल्यूशनमध्ये 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. रिफ्रेश रेट 60 हर्ट्झ, म्हणजे ते सगळे सेकंदाला साठदा नव्याने रंगवायचे: जवळजवळ साडेबारा कोटी ठिपके. त्याच मॉनिटरला कॉम्प्युटर 75 हर्ट्झने चित्र पाठवू लागला आणि मॉनिटरची ती ताकद नसली, की चौकट आलीच. सुरुवातीचं चिन्ह दिसतं, कारण ते बहुधा साध्या, सोसेल अशा मापात पाठवलेलं असतं. पूर्वीच्या पोट सुटलेल्या काचेच्या मॉनिटरांत भलत्या वेगाने आतलं सर्किट जळण्याचीही भीती असे. आजच्या चपट्या मॉनिटरला सहसा तो धोका नाही.

मग कॉम्प्युटरला आधीच कळत नाही का? कळायला हवं. 1994 साली ठरलेल्या पद्धतीनुसार मॉनिटर आपली मापं केबलमधूनच कॉम्प्युटरला कळवतो. पण जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकलेली असते, किंवा मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर असतो. निरोप पोचत नाही आणि कॉम्प्युटर अंदाज बांधतो. माझ्या मते यात पहिला संशय केबलवर घ्यावा, मॉनिटरवर शेवटी.

उपाय सांगतो. सेटिंग तुम्ही आत्ताच बदललं असेल आणि पडदा काळा झाला असेल, तर माऊस-कीबोर्डला हात लावू नका. 'बदल ठेवू का' असं विंडोज विचारत असतं. उत्तर आलं नाही, की साधारण पंधरा सेकंदांत ते जुन्या मापावर परत जातं. घाबरून काहीबाही दाबणाराच फसू शकतो.

तसं झालं नाही, तर घरातला टीव्ही कामाला येतो. कॉम्प्युटरला दोन जोडण्या असतील, तर टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही लावा. विंडोजचं बटण धरून पी दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. टीव्हीवर डिस्प्ले सेटिंग्ज उघडून मॉनिटरचा चौकोन निवडा आणि त्याचं स्वतःचं माप द्या. ते बऱ्याचदा चौकटीतच लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 1366 गुणिले 768, 60 हर्ट्झ. तिथे 60 ऐवजी 59 किंवा 59.94 दिसलं तर हैराण होऊ नका. तो बिघाड नव्हे.

उलटी तऱ्हाही असते. हौसेने 144 हर्ट्झचा मॉनिटर आणतात आणि तो 60 वरच चालत राहतो, कारण सेटिंग कुणी उघडलेलंच नसतं. फोर-के पडद्यावर माऊस अडखळत सरकत असेल, तर रिफ्रेश रेट 30 आहे का ते पाहा. जुन्या एचडीएमआय जोडणीतून फोर-के एवढ्याच वेगाने जातं.

हे सगळं न बघता मॉनिटर भंगारात दिला, तर तो दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या ई-कचऱ्याच्या ठिकाणी फोडला जाण्याची शक्यता असते, आणि जुन्या काचेच्या मॉनिटरांत शिसं असतं.

तेव्हा नेहरू प्लेसला जायचंच असेल, तर मॉनिटर उचलून नेऊ नका. केबल न्या, मॉनिटरच्या पाठीवरच्या मॉडेल नंबरचा आणि त्या चौकटीचा फोटो न्या. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.