दुबईतलं बाळंतपण: रजा आणि कागदपत्रं

कंपनीच्या व्हिसावर दुबईत नोकरी करताय आणि घरात पाळणा हलणार आहे? मग हे ऐका. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्यानुसार बहुतेक खासगी नोकऱ्यांत बाळंतपणाची ६० दिवसांची रजा मिळते: ४५ दिवस पूर्ण पगारी, १५ दिवस अर्धपगारी. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. प्रसूतीनंतर सहा महिने अंगावर पाजण्यासाठी रोज तासाभरापर्यंत सवलतही असते.

परदेशी आईबापांच्या बाळाला मात्र तिथं जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. म्हणून आधी जन्मदाखला, मग भारतीय वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट आणि १२० दिवसांच्या आत रहिवासी व्हिसा. उशीर झाला, की दंड चढतो. तेव्हा बारशाच्या गडबडीत कागदांकडे दुर्लक्ष नको!