रंगाचा ब्रश रुसतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण हाताने जे करते ते सांगता येईल. आपल्यातल्या काही जणी पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती रंगवायला घेतात. त्यांना एअरब्रशची अडचण नेहमी येते, म्हणून त्यावरच बोलते.

घाट उतरून खोपोलीवरून पुढे गेले की पेण. तिथल्या मूर्ती सर्वांना ठाऊक आहेत. मूर्तीच्या अंगावर गुलाबी छटा जी अलगद उतरलेली दिसते, ती या ब्रशाने येते. हत्यार जुने आहे. १८७९ साली अमेरिकेत अ‍ॅब्नर पीलर नावाच्या गृहस्थाने ते बनवले. आत एक बारीक सुई असते. खटका दाबला की वारा सुटतो. मागे ओढला की सुई सरते आणि वाऱ्याबरोबर रंगाचे तुषार उडतात. एवढीच त्याची करामत.

चतुर्थी काही आपल्यासाठी थांबत नाही. ब्रश अडला की काम दुसरीकडे जाते आणि मजुरी बुडते. दुरुस्तीसाठी लोकलने पुणे गाठायचे तर दिवस मोडतो. वर घरात कोणी म्हणतेच, "यंत्र हे बायकांचे काम नव्हे." म्हणून दोष आपला आपण शोधायला शिकावे.

आधी रंग काढून वाटीत स्वच्छ पाणी घाला. खटका दाबून वारा येतो का ते पाहा. येत नसेल तर कॉम्प्रेसर, नळी आणि जोड तपासा. जोडावर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी कळते. वारा आहे आणि पाणीही नीट उडते, तर ब्रश निर्दोष आहे. खोट रंगात आहे. रंग निरशा दुधाइतका पातळ करून जुन्या मलमलीतून गाळून घ्या.

पाणीही उडत नसेल तर तोंडाशी रंग सुकला आहे, किंवा सुई धरणारा मागचा स्क्रू सैल आहे. तो सैल असला की खटका ओढूनही सुई हलत नाही. वाटीत बुडबुडे आले तर पुढची टोपी सैल, तोटी चिरलेली किंवा तोंड तुंबलेले समजावे. फवारा एका बाजूला जात असेल तर सुईचे टोक वाकले आहे. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो फार पातळ आहे, किंवा ब्रश मूर्तीच्या फार जवळ आहे.

आपल्याकडच्या पावसाचे एक वेगळेच दुखणे आहे. लोणावळ्याची हवा ओली. कॉम्प्रेसर ती दाबतो तेव्हा आतल्या वाफेचे पाणी होते आणि ते थेंब रंगाबरोबर मूर्तीवर पडतात. म्हणून नळीला पाणी अडवणारी बाटली लावावी. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर काम संपल्यावर वीज बंद करून, दाब उतरवून, खालच्या तोटीतून रोज पाणी सोडावे.

जुन्या रॉकेलच्या स्टोव्हला आपण पिन मारत असू. इथे ते मुळीच करू नका. तोटीचे भोक बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे असते. पिन घातली की ते फाकते आणि नवी तोटी घ्यावी लागते. पाण्याच्या रंगाला कोमट पाणी, तेलरंगाला थिनर, आणि मऊ कुंचला पुरे. सगळा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये. आतल्या रबरी चकत्या फुगतात. थिनर चुलीपासून दूर ठेवावा, खिडकी उघडी असावी आणि रंगाच्या कामाचा मास्क तोंडाला लावावा. नुसता पदर पुरत नाही.

शेवटचे सांगते. रंग बदलताना आणि उठताना दर वेळी ब्रश धुवा. भांडी खरकटी ठेवून आपण निजत नाही, तसेच हे.

ज्यांना हाताने करून पाहायचे असेल त्यांनी आपला ब्रश घेऊन दुपारी माझ्याकडे यावे. दोघी मिळून उघडू. एवढे बोलून माझे दोन शब्द पुरे करते.