भाव शिळा होण्याआधी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. असा हुकूम सुटला की व्यापाऱ्याचा फोन लगेच वाजतो. आपला ट्रॅक्टर तेव्हा लासलगावच्या वाटेला लागलेला असतो. संघटनेची स्वतःची निरोप-यंत्रणा हवी ती एवढ्यासाठी. त्यासाठी सरकारपुढं हात पसरायचा नाही. आपलीच शिकलेली पोरं ती बांधतील. रॅबिटएमक्यूसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण पोरं काय बांधणार, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

फोननं दर पाच मिनिटांनी सर्व्हरला "काही नवीन?" म्हणून विचारायचं, ही एक रीत. तीत बॅटरी जाते, डेटा जातो. त्यापेक्षा बातमी आली की सर्व्हरनंच हाक मारावी. हेच पुश नोटिफिकेशन. मात्र पन्नास हजार फोनना एकदम हाक मारायला गेलं तर सर्व्हर बसतो. म्हणून मध्ये रांग, बाजार समितीच्या काट्यावर ट्रॉल्यांची लागते तशी. निरोप रांगेत थांबतात, प्रोग्रॅम झेपेल तसे एकेक उचलतात. काम झाल्याची पोच मिळेपर्यंत निरोप खोडला जात नाही. उचलणारा मध्येच बंद पडला तर दुसरा उचलतो. यात एखादा निरोप दोनदा जातो. प्रत्येकाला क्रमांक द्या, म्हणजे फोन दुसरा टाकून देईल.

खरी मेख पुढं आहे. फोन बंद असला आणि आपण मुदत घातली नाही, तर गूगलची यंत्रणा निरोप चार आठवडे धरून ठेवते. मेळाव्याच्या तारखेला ते चालेल. पण सोमवारचा टोमॅटोचा भाव गुरुवारी ताजा म्हणून वाजला, तर शेतकरी त्यावर गाडी भरेल आणि भाडंही अंगावर घेईल. भाव हा नाशवंत माल! त्याला दोन तासांची मुदत घाला, नवा आला की जुना काढा. शहरातल्या प्रोग्रॅमरला हे सुचणार नाही, तुम्हीच सांगायचं.

अँड्रॉइडची हाक बहुतेक गूगलमार्फत जाते, आयफोनची ॲपलमार्फत. रांग आपली, वेस दुसऱ्याची. साध्या फोनला एसएमएस धाडायचा तर ट्रायच्या नियमानं पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ते आंदोलनाच्या आदल्या रात्री होत नसतं.

आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस सिंघू, टिकरी, गाझीपूरच्या सीमांवर इंटरनेटच बंद केलं होतं. तशी वेळ आली तर निरोप रांगेतच पडून राहतील. म्हणून दर गावातून घरोघर जाणारी दोन नावं, एक पुरुष आणि एक बाई, जेवणाच्या सुट्टीआधी टेबलावर लिहून द्या.