एक काडतूस, दोन शस्त्रे

(व्याख्यान)



कमरेला रिव्हॉल्व्हर आणि खांद्यावर रायफल बाळगणाऱ्या माणसाने दोन्हींसाठी एकाच मापाचे काडतूस निवडावे काय, आणि निवडायचे तर कोणते, हा प्रश्न प्रथमदर्शनी शस्त्रांच्या शौकिनांच्या बैठकीतला वाटतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. शस्त्र ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती त्याचा दारूगोळाही आहे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात शस्त्रधारकाने क्वचितच दिले. बहुधा ते सरकारने दिले. म्हणून आजच्या व्याख्यानात या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करावयाचा आहे.

बंदुकीच्या नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास म्हणजे तिचा बोअर. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. .४५० बोअर म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर. मात्र काडतुसावर छापलेला आकडा आणि गोळीचे खरे माप एकच असते असे समजू नये. त्याची उदाहरणे पुढे येतील.

प्रारंभ झाशीपासून करणे सोयीचे आहे. झाशी शहराच्या जुन्या तटाला अनेक दरवाजे होते. ओरछा, सागर, बडागाव, उन्नाव, दतिया यांसारखी त्यांची नावे ज्या गावाकडे वाट जाते त्या गावावरून पडलेली. त्यांतच खंडेराव दरवाजा हे नाव आले की मराठी माणसाचे कान टवकारतात. अठराव्या शतकात मराठ्यांची सुभेदारी तेथे रुजली, पुढे नेवाळकरांचे राज्य झाले, आणि मराठी वस्तीची खूण त्या नावात राहून गेली. शहराचा तो भाग आजही खंडेराव गेट या नावानेच ओळखला जातो.

५ जून १८५७ रोजी झाशीच्या छावणीतील शिपायांनी बंड करून प्रथम ताब्यात घेतला तो ‘स्टार फोर्ट’; कारण खजिना आणि दारूगोळ्याचे कोठार तेथे होते. पुढे मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने शहराला वेढा घातला, तेव्हा तटावरच्या आणि किल्ल्यावरच्या तोफांनी त्याला उत्तर दिले. स्त्रियाही मोर्चांवर दारूगोळा वाहून नेत असल्याचे इंग्रजांच्या वृत्तांतात नमूद आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत शहरात अडकले होते. त्यांनी लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

तोफांच्या युद्धात बोअरचा प्रश्न अगदी ढोबळ स्वरूपात दिसतो. गोळा तोंडापेक्षा मोठा असेल तर तो आत जातच नाही. फार लहान असेल तर दारूचा धूर आणि जोर भोवतीच्या फटीतून निसटतो आणि गोळा जवळच पडतो. दहा तोफा दहा मापांच्या असतील तर कोठारात गोळ्यांचे दहा ढीग ठेवावे लागतात, आणि नववा ढीग संपला म्हणजे नववी तोफ मुकी होते. शेजारच्या ढिगात कितीही गोळे शिल्लक असले तरी तिला त्यांचा उपयोग नसतो. वेढ्यात सापडलेल्या शहराला बाहेरून काहीच मिळत नाही. अशा वेळी एकमेकींचा गोळा चालणाऱ्या दोन तोफा न जुळणाऱ्या चार तोफांइतक्या मोलाच्या ठरतात.

बंदुकींची गोष्ट याहून बोलकी आहे. कंपनीच्या शिपायाची जुनी ठासणीची बंदूक, जिला ‘ब्राऊन बेस’ म्हणत, तिचा बोअर .७५ इंच होता, गोळी मात्र.६९ इंचांची असे. ही फट मुद्दाम ठेवलेली होती. नळीत काजळी साचली तरी गोळी झटपट खाली उतरत असे. त्या सैलपणाची किंमत नेमात मोजावी लागे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल .५७७ इंच बोअरची. तिच्या नळीला आतून आटे होते, आणि गोळीने ते घट्ट पकडले तरच तिला फिरकी मिळून ती दूरवर सरळ जाई. घट्ट बसणारी गोळी सुलभपणे आत सरकावी म्हणून कागदी काडतुसाला वंगण लावले गेले. त्या वंगणावरून मेरठला काय घडले ते प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. इतिहासाच्या त्या वादळाच्या मुळाशी, इतर अनेक कारणांबरोबर, नळी आणि गोळी यांच्यातली फट मिटवण्याचा एक तांत्रिक प्रयत्न होता.

बंड मोडल्यानंतर सरकारने त्यातून आपला धडा घेतला. हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची एक निराळी बंदूक काढण्यात आली. दिसायला ती एनफिल्डसारखीच. पण आटे नसलेली आणि सुमारे.६५ इंच बोअरची. गोऱ्या सैनिकाचे काडतूस तिच्या नळीत खुळखुळत राही. थोड्या डोंगरी तोफखान्यांचा अपवाद वगळता तोफाही हिंदी सैनिकांच्या हातून काढून घेण्यात आल्या. येथे एक धोरण स्पष्ट दिसते: हाती शस्त्र द्यावे, परंतु धन्याचा दारूगोळा त्यात चालू नये.

आता याच्या नेमके उलट टोक पाहू. अमेरिकेच्या पश्चिम भागात दुकानापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाची गरज निराळी होती. १८७३ साली विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध लिव्हरची रायफल बाजारात आणली. नळीखाली दुसरी बारीक नळी, तीत एकामागे एक ठेवलेली काडतुसे, आणि चापाभोवतीचा लिव्हर खाली ओढून वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडून नवे काडतूस आत येई. तिचे काडतूस .४४-४० या नावाचे होते. त्यातील चाळीस हा आकडा दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. आणि चव्वेचाळीस हा आकडा बोअरचा असला तरी गोळी प्रत्यक्षात.४२७ इंचांची. कोल्ट कंपनीचे रिव्हॉल्व्हरही १८७३ चेच, पण .४५ बोअरचे. दोन्ही बाळगणाऱ्याला दोन पट्टे भरावे लागत. १८७८ च्या सुमारास कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर विंचेस्टरच्या .४४-४० काडतुसासाठी तयार केले, आणि एक पट्टा पुरेसा झाला. अंधारात, घाईत, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी काडतूस चाचपताना ते चुकीचे निघण्याची भीती नाहीशी झाली.

अशी जोडी निवडताना जाणकार चार गोष्टी पाहतात. पहिली, पुंगळीच्या बुडाची कड. रायफलीतून रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा याच कडेला धरतो. जुन्या .४५ कोल्टची कड फारच अरुंद होती. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी सळईने मागे ढकलतात, त्यामुळे तेथे अडत नसे. लिव्हरच्या रायफलीत मात्र ती अडचणीची होती. दुसरी, गोळीचे नाक. नळीखालच्या पोकळीत प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस उडू शकते. म्हणून या रायफलीच्या गोळ्या चपट्या नाकाच्या असतात. तिसरी, काडतुसाची एकूण लांबी. ती ठराविक मर्यादेबाहेर गेली तर रायफलीची यंत्रणा ते उचलत नाही, जरी रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसत असले तरी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेच काडतूस लांब नळीतून सुटले की दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवसर मिळतो. १९३५ साली निघालेल्या .३५७ मॅग्नमची सुमारे दहा ग्रॅमची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे ३८० मीटर, तर रायफलीतून सुमारे ५४० मीटर वेगाने जाते. गोळीची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. शिवाय त्या शस्त्रात जुने, सौम्य .३८ स्पेशल काडतूसही चालते; सरावाला स्वस्त आणि हाताला हलके. १९५५ चे .४४ मॅग्नम याहून दणकट, पण रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचा झटका सामान्य मनगटाला पेलवत नाही. जोडीचे काडतूस ठरवताना दोहोंपैकी दुबळा जोडीदार पाहावा, आणि येथे तो म्हणजे रिव्हॉल्व्हर धरणारा हात, असा याचा अर्थ. जेथे दोन्ही शस्त्रे खुलेपणाने मिळतात तेथे .३५७ ची निवड बहुतेकांना सोयीची वाटते, ती यामुळेच. तरीही एवढे लक्षात ठेवले पाहिजे की ही रायफल शंभर-सव्वाशे मीटरांपलीकडे खऱ्या रायफलीची बरोबरी करू शकत नाही. एकच काडतूस दोघांना पुरवायचे म्हटले की दोघांनाही थोडी तडजोड करावी लागते.

ज्या १८७८ साली कोल्टच्या त्या जोडीचा बोलबाला सुरू झाला, त्याच १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. परवान्याने शस्त्र आवरले गेले. काडतुसाचा बंदोबस्त पुढे झाला. सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअर .४५० होता आणि त्या रायफली सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती पडत होत्या. शिकाऱ्यांसाठी येणाऱ्या .४५० काडतुसांच्या गोळ्या त्यांत वापरल्या जातील या भीतीने १९०७ साली त्या बोअरच्या आयातीस हिंदुस्थानात बंदी झाली. इंग्लंडमधील बंदूक-कारागीरांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे पुढे आणली. आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीसाठी पुढे नावाजलेले .४७० हे काडतूस प्रतिष्ठा पावले ते हिंदुस्थान सरकारच्या या धास्तीमुळे.

सैन्याच्या .३०३ रायफलीबाबतही हेच घडले. ते काडतूस नागरिकांना वर्ज्य झाले, तेव्हा येथील बाजारासाठी .३१५ बोअरची शिकारी रायफल आली. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या सैन्याचे, म्हणून इंग्रजी कोठारातून चोरलेल्या काडतुसाचा तिच्यात उपयोग नव्हता. पोलिसांसाठी तर .३०३ रायफलींचेच रूपांतर करून .४१० बोअरच्या, आटे नसलेल्या, एका वेळी एकच बार काढणाऱ्या ‘मस्केट’ बनवल्या गेल्या. अशी बंदूक कोणी पळवलीच, तर सैन्याचे काडतूस तिला लागू पडू नये. १८५८ ची युक्ती पोलिसांसाठी पुन्हा वापरली गेली, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ चे नियम आले.  काडतुसाकडे पाहण्याची दृष्टी मात्र पुष्कळशी तीच राहिली. निषिद्ध शस्त्रांच्या यादीत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्यात बसते व उडते अशा रायफली, .४१० च्या मस्केट, तसेच .३८० व .४५५ ची कडेची काडतुसे किंवा ९ मिलिमीटर व .४५ ची लष्करी काडतुसे चालतील अशी कोणत्याही बोअरची पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे आणि कार्बाइन घालण्यात आल्या. शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. शस्त्रावर कोणता आकडा कोरला आहे हे कायदा विचारत नाही. त्यात कोणाचे काडतूस बसते हे विचारतो. अमेरिकन वसाहतकऱ्याला जी सोय वाटली, तीच सरकारला जोखीम वाटते, आणि दंगली व बंडे पाहिलेल्या देशात तो विचार सर्वस्वी निराधारही म्हणता येत नाही.

आज परवानाधारक सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतात ती मुख्यतः सरकारी कारखान्यांतली .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल. पुण्याजवळ खडकीचा, १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना त्यांची काडतुसे बनवतो; पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्याचीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर, नेमबाजांचे अपवाद सोडता, दोनच शस्त्रे ठेवता येतात. म्हणजे जोडीचा प्रश्न आता प्रत्येकापुढे अक्षरशः उभा आहे. आकड्यांकडे पाहून मात्र फसू नये. .३२ हे .३१५ पेक्षा मोठे भासते. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हरची गोळी.३१२ इंचांची आणि रायफलीची .३२३ इंचांची. एकीचे वजन सहा ग्रॅमच्या आसपास, दुसरीचे पंधराहून अधिक. एकीची पुंगळी दुसरीच्या निम्म्याहूनही आखूड. ही भावंडे नव्हेत. नावसाधर्म्य असलेली परकी माणसे आहेत.

बुंदेलखंडात आणि गंगेच्या पट्ट्यात रायफलीचे काडतूस खाणारे हातातले शस्त्र एकच आढळते, आणि तो म्हणजे बेकायदा गावठी कट्टा. रायफलीच्या काडतुसाचा दाब सोसण्यासाठी कसलेल्या पोलादाची नळी आणि भक्कम बंद लागतो. कट्ट्यात यांपैकी काहीच नसते. तो समोरच्याइतकाच धरणाऱ्याच्याही जिवावर उठतो. काडतूस नळीत बसले म्हणजे शस्त्र जुळले, ही समजूत किती महागात पडते याचा दाखला पोलिसांच्या आणि इस्पितळांच्या दप्तरांत सापडेल.

तेव्हा निवड कशी करावी? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीसाठी रायफल घेण्याचे कारण उरलेले नाही. राहिली ती नेमबाजी आणि स्वसंरक्षण. आणि ही दोन्ही कामे एकाच काडतुसाने होण्याची येथे निकड नाही. रानात महिनोन्‌महिने राहणाऱ्याची जोडी शहरातल्या वा खेड्यातल्या परवानाधारकाने केवळ हौसेपोटी शोधू नये. शस्त्राच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी त्याने काडतुसाची चौकशी करावी: ते कोण बनवतो, जवळच्या दुकानात बारमाही मिळते काय, परवान्यावर किती मिळतील, सरावासाठी परवडेल काय, आणि घरात दोन्ही जातींची काडतुसे कधी एकत्र होणार नाहीत अशी निराळी, कुलूपबंद जागा आहे काय. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच शस्त्राकडे वळावे. काडतुसावाचून उत्तम रायफल ही लोखंडाने जडवलेली काठी असते. दारूगोळा आपल्या मुठीत राहिला पाहिजे, हे झाशीच्या तटावर लढणाऱ्यांना जितके ठाऊक होते तितकेच त्यांच्याशी लढणाऱ्यांनाही, आणि त्यानंतरचे कायदे लिहिणाऱ्यांनी ते कधीही नजरेआड केले नाही. शस्त्र विकत घेणाऱ्यानेही ते करू नये.