बॅटरी मेली, पण सर्व्हर चालूच होता

आज हार्डवेअरवर बोलणार आहे, आणि हो, मी सॉफ्टवेअरवालाच आहे. रेड कंट्रोलर म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, एवढं बीटेकला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या कार्डाला एक बॅटरी असते हे नोकरीत तीन वर्षं झाल्यावर कळलं. तेही महागात पडून.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात एक जुना, बारा डिस्कचा सर्व्हर होता. त्यावर एका गोदामवाल्या क्लायंटचा डेटाबेस. एका सोमवारी तो अचानक स्लो झाला. वाचायला ठीक, लिहायला मात्र रखडत. दोन दिवस मी क्वेऱ्या तपासल्या, इंडेक्स बदलले. काही फरक नाही. शेवटी कंट्रोलरचा लॉग उघडला: बॅटरी फेल, राइट कॅशे बंद.

हे जरा समजून घ्या. दुकानदार गर्दीत आधी कच्च्या वहीत टिपतो आणि सावकाश पक्क्या वहीत उतरवतो ना, तसं. कॅशे ही कच्ची वही. डेटा मेमरीत आला की कंट्रोलर 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळा होतो, डिस्कवर नंतर उतरवतो. हे राइट-बॅक. वीज गेली तर मेमरी पुसली जाते, म्हणून बॅटरी. धडधाकट असेल तर साधारण 48 ते 72 तास डेटा धरून ठेवते. बॅटरीचा भरवसा नसला की कंट्रोलर थेट पक्क्या वहीत लिहितो, म्हणजे राइट-थ्रू. आमचा सर्व्हर बिघडला नव्हता. तो जपून चालत होता.

आणि मी काय केलं? बॅटरी नसतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवायचं एक सेटिंग असतं, ते केलं. डेटाबेस पळायला लागला, क्लायंट खूश. बॅटरीची ऑर्डर 'उद्या टाकू' म्हणत राहून गेली. तिकिटात लिहिलं, 'परफॉर्मन्सचा इश्यू सोडवला'. सेटिंगबद्दल एक अक्षर नाही.

नऊ दिवसांनी यूपीएस ट्रिप झाला. सर्व्हर परत वर आला, डेटाबेस आला नाही. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून तो उभा केला, पण त्या दिवसाच्या नोंदी गेल्या. गोदामातल्या लोकांनी डिलिव्हरी चलनं काढून रात्री साडेदहापर्यंत पुन्हा टाइप केल्या. मी तिथेच बसलो होतो. त्यांना वाटत होतं, वीज गेली म्हणून झालं. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरचे काका आले. झाकण उघडलं, बॅटरी फुगलेली. मी नवी पुढे केली तर म्हणाले, "साहेब, ही पण मरेल. आधी पंखा बघा." कंट्रोलरच्या पुढचा एक फॅन रडतखडत फिरत होता. लिथियम-आयनला उष्णता सोसत नाही, उन्हात फोन तापतो तसंच. फॅनची वॉर्निंग लॉगमध्ये कित्येक महिने येत होती. मेल फार येतात म्हणून आम्हीच ती म्यूट केली होती. वर दोन रिकाम्या स्लॉटना ब्लँक लावलेले नव्हते, त्यामुळे हवा मधूनच पळायची. फॅन बदलताना काकांनी घाई केली, कारण झाकण उघडं असलं की हवेचा रस्ताच मोडतो.

एक सांगायचं राहिलं. काही कंट्रोलर दर काही महिन्यांनी स्वतःहून बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतात, तिची ताकद मोजायला. तेवढा वेळ सर्व्हर स्लो होतो. तेव्हा घाबरून सेटिंगला हात लावू नका. ते कधी होणार याची तारीख बघून ठेवा, आणि सोमवारी सकाळी तर नकोच. नव्या कार्डांवर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश येतात, पण उष्णता त्यांनाही लागते.

संध्याकाळी टीमलीडला सेटिंगचं सांगितलं. तो काही वेळ बोललाच नाही. मग मला शेजारी बसवून त्याने क्लायंटला फोन लावला आणि म्हणाला, "तूच सांग."