रिकामे टेबल
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजकाल घरोघरी कोर्टाच्या रहस्यमालिका पाहिल्या जातात. त्यातली सरकारी वकील बाई सहकाऱ्याच्या मृत्यूचा छडा लावायला रात्री एकटीच बाहेर पडते. पाहायला मजा येते. पण आपल्याकडे तपास पोलिसांनी करायचा आणि सरकारी वकिलाने पुरावा कोर्टापुढे मांडायचा. डिचोलीचे कोर्ट असो वा पेडण्याचे, नियम तोच.

मात्र सहकाऱ्याच्या मृत्यूचा तपास एका बाईने केला, अशी खरी गोष्ट शेजारच्या महाराष्ट्रात घडली आहे.

अश्विनी बिद्रे-गोरे या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, पोलीस खात्यात सहायक निरीक्षक. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. घरच्यांचा संशय खात्यातलेच वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर यांच्यावर होता. तरी अपहरणाचा गुन्हा नोंद झाला जानेवारी २०१७ च्या अखेरीस. त्याच महिन्यात कुरुंदकरांना राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले! अटकेला डिसेंबर उजाडला.

तपास सहायक पोलीस आयुक्त संगीता अल्फान्सो यांनी केला. आरोपी खात्याचा, बळी गेलेलीही खात्याचीच. मृतदेह वसईच्या खाडीत टाकलेला. शोधूनही मिळाला नाही.

आपल्या दशावतारात संकासुर आला की पोरेसुद्धा ओळखतात. कोर्टात नुसते ओळखून भागत नाही. पुण्याच्या सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी. आरोपी निर्दोष असण्याला वाव उरता कामा नये. मृतदेह मिळालाच पाहिजे, असे मात्र कायदा म्हणत नाही. म्हणून मोबाईलच्या नोंदींसारखे दुवे एकेक करून जोडावे लागले. विशेष सरकारी वकील प्रदीप घरत यांनी ते कोर्टापुढे मांडले. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरांना जन्मठेप सुनावली. मध्ये नऊ वर्षे गेली.

मी पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलेला माणूस, नस्त्यांत वाढलेला. मला या प्रकरणातल्या तारखा छळतात. बेपत्ता एप्रिलमध्ये, गुन्हा जानेवारीत! कुठल्याही सरकारी कचेरीत माणूस न सांगता यायचा बंद झाला की गैरहजेरीचा मेमो निघतो. जावक क्रमांक पडतो, उत्तर येत नाही, मग स्मरणपत्र. घरी जाऊन चौकशी करणारा विरळा. त्यातून साहेबाचे नाव कुजबुजले जात असेल, तर सगळेच मान खाली घालून कामाला लागतात.

मालिकेतल्या बाईसारखे धाडस आपल्याला जमणार नाही, त्याची गरजही नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच: वेळेवर विचारणे आणि जे ठाऊक आहे ते तारीख घालून, सही करून लिहून देणे. त्या साध्या कागदाचाच पुढे साखळीत दुवा होतो. उशीर झाला की तोच दुवा गळतो.

चवथीची सुट्टी संपली की आपण कामावर रुजू होऊ. शेजारचे टेबल दोन दिवस रिकामे दिसले, तर मेमोची वाट पाहू नका. त्या घरी फोन करा.

गणपती बाप्पा मोरया!