झाडांना घास, माशांना श्वास



आम्ही दोघी जावा. आमच्या घरात माशांची दोन फुटी काचेची टाकी आहे, साधारण ६० लिटर पाण्याची. त्यात गप्पी मासे आहेत आणि खऱ्या पाणवनस्पती. सुरुवातीला ही झाडं खुरटलेली असायची, पानांवर शेवाळ चढायचं. आम्ही दिवा जास्त वेळ लावून पाहिला, तर शेवाळच वाढलं! मग कळलं, की उजेड भरपूर आहे, पण झाडांना कार्बन डायऑक्साइड वायू पुरत नाही. झाडं उजेडात याच वायूपासून आपलं अन्न बनवतात. त्यासाठीचा सिलिंडर आम्हाला परवडणारा नव्हता. म्हणून तो वायू घरीच करायचं ठरवलं.

साहित्य स्वयंपाकघरातलंच. कोल्ड्रिंकची २ लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. काचेची मुळीच नको, फुटली तर इजा होते. तिच्यात २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडं यीस्ट, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी घालायचं. वरची पाव बाटली रिकामी ठेवायची, कारण फेस येतो. झाकणाला नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडून हवेच्या पंपाची नळी घट्ट ओढून घ्यायची. यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल होतो आणि वायू सुटतो. ब्रेडचं पीठ फुगतं ते यामुळेच. एक बाटली दोन-तीन आठवडे चालते.

मध्ये आणखी एक छोटी बाटली जोडा, अर्धी पाण्याने भरलेली. पहिल्या बाटलीची नळी तिच्या पाण्यात बुडवा आणि वरच्या रिकाम्या भागातून दुसरी नळी टाकीकडे न्या. फेस तिथेच अडकतो आणि बुडबुडेही मोजता येतात. टाकीकडे जाणाऱ्या नळीत एकेरी झडप हवीच. दुकानात ती नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणून मिळते. ती नसेल, तर वायू थांबल्यावर टाकीचं पाणी उलटं बाटलीत उतरतं. नळीचं टोक आम्ही फिल्टरच्या तोंडाशी ठेवतो, म्हणजे बुडबुडे बारीक होऊन पाण्यात विरतात.

पंधरा दिवसांत नवी हिरवीगार पानं फुटली. आम्हाला हुरूप आला आणि तिथेच चुकलो. मे महिना होता. दुसऱ्या बाटलीत आम्ही यीस्ट दुप्पट घातलं. सकाळी उठून पाहतो, तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. घाईघाईने नळी काढली, हवेचा पंप लावला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालून चौथा हिस्सा पाणी बदललं. बाकीचे सावरले, पण पाच मासे गेले. धाकटीची लेक दिवसभर रडली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झाडांना जेवू घालताना माशांचा जीव घेतलात."

त्यांचं खरंच होतं. झाडं हा वायू उजेडातच घेतात. दिवा मालवला, की तीही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. यीस्टला मात्र दिवसरात्र कळत नाही, त्याचं काम चालूच. त्यात उन्हाळ्यात ते जास्तच जोरात चालतं. रात्रभर वायू साचला आणि मासे गुदमरले.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेत. यीस्ट पाव चमचाच, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. सुरुवात दोन सेकंदांना एक बुडबुडा, त्याहून जास्त नाही. दिवा सहा ते आठ तास. दिवसा हवेचा पंप बंद, कारण तो वायू उडवून लावतो. रात्री दिवा मालवला, की नळी टाकीबाहेर आणि पंप चालू. नळीला गाठ मारायची नाही, चिमटा लावायचा नाही. वायूला वाट मिळाली नाही, तर बाटली फुटते. आणि नवी बाटली सुटीच्या दिवशी सकाळीच लावायची, म्हणजे दिवसभर माशांवर नजर राहते. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर आधी नळी काढायची, कारण नंतर शोधायचं.

एवढा व्याप नको असेल, तर जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया लावा. ही झाडं वेगळा वायू न देताही वाढतात. त्यातही कमीपणा काही नाही.

आज आमची टाकी हिरवी आहे आणि गप्पींना पिल्लंही झालीत. रोज रात्री नळी काढायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय. ती एक दिवसही विसरत नाही.